नाव आपलं, मैदान गहुंज्याचं

जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा सहा संघांत एक आपल्या शहराचा, छत्रपती संभाजीनगरचा होता : छत्रपती संभाजी किंग्ज. तो दोन हंगाम खेळला. तिसऱ्या हंगामाची यादी २०२५ मध्ये आली, तीत पुणे, कोल्हापूर, नाशिक आणि रत्नागिरी होते, रायगड आणि सातारा नव्याने आले होते. संभाजीनगर आणि सोलापूर त्या यादीत नव्हते. सिडकोपासून शहागंजपर्यंत ज्या शहरात पोरं रिकाम्या प्लॉटवर दिवसभर टेनिस बॉल खेळतात, त्या शहरानं आपला संघ गेल्याची साधी चौकशीही केली नाही. मला हे लागलं. हंगामाचा आढावा संघ खेळत असताना घेतात, पण या संघाचा आढावा तो गेल्यावरच नीट घेता येईल असं वाटलं.

शहरात याबद्दल दोन मतं ऐकू येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. त्या दोन मतांना मी दोन माणसं दिली आहेत. मामा वाळूजच्या कारखान्यात नोकरीला होते, कंपनीच्या संघाकडून औद्योगिक स्पर्धा खेळले, पुढे जिल्ह्याच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहिले. भाची मध्यमगती गोलंदाज, विद्यापीठाच्या संघातून खेळलेली, आता मुलींना शिकवते.

भाची : पहिल्या हंगामापासून सुरू करू, मामा. आपला आयकॉन खेळाडू राजवर्धन हंगरगेकर. तुळजापूरचा. २०२२ मध्ये १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकून आलेला, चेन्नईनं दीड कोटीला घेतलेला. लीग सुरू व्हायच्या अडीच महिने आधी, ३१ मार्चला, अहमदाबादला आयपीएलमधल्या त्याच्या पहिल्याच सामन्यात गुजरातचे तीन बळी घेतले होते त्यानं. मराठवाड्याच्या संघाचं नेतृत्व मराठवाड्याच्या पोराकडं. असं याआधी कधी दिसलं होतं आपल्याला?

मामा : नव्हतं दिसलं. मला आनंदच झाला होता. पण तू त्याला टाकताना कुठं पाहिलंस?

भाची : टीव्हीवर.

मामा : मीही टीव्हीवरच पाहिलं. सगळे सामने पुण्याजवळ गहुंज्याला. इथून गहुंजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळचा सामना बघून रात्री परत यायचं म्हटलं तर कामावरची एक पाळी बुडते. ज्या संघाचा एकही सामना गावात झाला नाही, त्याला गावाचा संघ कसं म्हणू?

भाची : पण हे काय एकट्या आपल्यालाच होतं? कोल्हापूर, रत्नागिरी, नाशिक, सगळे तिथंच खेळले. प्रकाशझोत, कॅमेऱ्यांची जागा, खेळाडूंच्या खोल्या, पाण्याचा निचरा, हे सगळं एकाच ठिकाणी तयार होतं. जूनचा महिना, पाऊस तोंडावर. पहिल्याच वर्षी सहा गावांत फिरायचं म्हटलं असतं तर लीग झालीच नसती. गहुंज्यालासुद्धा २०२३ चा अंतिम सामना पावसानं खाल्ला. कोल्हापूरचा डाव अर्धवट राहिला आणि साखळीत वर होता म्हणून रत्नागिरीला विजेता ठरवलं. पुढच्या वर्षी त्यांनी नाशिकला हरवून पुन्हा जिंकली.

मामा : दोन्ही अंतिम सामन्यांत आपण नव्हतो.

भाची : नव्हतो. त्याचं दुःख आहे. पण हरलो म्हणून संघ वाईट होता, असं तुम्ही म्हणणार नाही. तुम्ही पंच होतात.

मामा : हरण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी हिशोब सांगतो. पहिल्या हंगामात साखळीत प्रत्येक संघाचे सामने पाच. एका गोलंदाजाला एका सामन्यात जास्तीत जास्त चार षटकं. म्हणजे कुणी पाचही सामने खेळला आणि प्रत्येक वेळी पूर्ण षटकं मिळाली, तरी त्याचा अख्खा हंगाम वीस षटकांचा. एकशे वीस चेंडू! रणजीत वेगवान गोलंदाज एवढे चेंडू एका दिवसात टाकतो. आणि ज्याला पाचपैकी दोनच सामने मिळाले, त्याचं काय? त्याचा हंगाम आठ षटकांचा. एवढ्यात त्याची इनस्विंग बिघडली की सुधारली, हे कळणार कुणाला?

हा हिशोब ऐकताना मला स्वतःला थांबावं लागलं. वीस षटकांच्या क्रिकेटवर आपण बोलतो ते षटकारांच्या अंगानं. गोलंदाजाच्या बाजूनं पाहिलं तर या खेळात त्याला चुकायला आणि चूक दुरुस्त करायला वेळच मिळत नाही. पुढच्या वर्षी सामने वाढले, तरी हा प्रश्न उरतोच.

भाची : पटलं. पण उलट बाजूचंही बघा. सोलापूरचा अर्शीन कुलकर्णी. त्याच जून २०२३ मध्ये नाशिककडून पुण्याविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ केल्या, तेरा षटकार मारले, चार बळी घेतले आणि शेवटच्या षटकात धावा रोखून सामना एका धावेनं जिंकून दिला. डिसेंबरात लखनौनं त्याला लिलावात घेतलं, जानेवारीत तो १९ वर्षांखालच्या विश्वचषकाला गेला. एका संध्याकाळी हे झालं, कारण तो सामना लोकांनी पाहिला. जिल्हा पातळीवर एखाद्या पोरानं अशीच खेळी केली असती, तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या असत्या.

मामा : सोलापूरचा पोरगा नाशिककडून खेळला. सोलापूरचा वेगळा संघ असताना. मग सोलापूरकरांनी टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?

भाची : पोरासाठी.

मामा : हे मात्र बरोबर बोललीस.

भाची : आणि पैशाचं. तुमच्यासारखी मोठी माणसं पैशाचा विषय काढला की नाक मुरडतात. पहिल्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत वीस लाख होते. पायाभूत किंमत वरच्या गटाला साठ हजार, मधल्याला चाळीस, खालच्याला वीस हजार. नौशाद शेखला कोल्हापूरनं सहा लाखांना घेतलं, त्या वर्षीची ती सगळ्यात मोठी बोली. आयपीएलपुढं हे काहीच नाही. पण बीड-परभणीकडच्या एखाद्या पोराला खेळण्याचे वीस हजार मिळणं म्हणजे काय, ते त्याच्या घरी विचारा. एका चांगल्या इंग्लिश विलोच्या बॅटला किती पडतात, ठाऊक आहे ना?

मामा : पैशाला मी नाक मुरडत नाही. मला नोकरीच क्रिकेटमुळं लागली. कंपनी पोराला घ्यायची, तो संघाकडून खेळायचा, पगार महिन्याच्या महिन्याला, पीएफ कापलेला. मुंबईत टाइम्स शील्ड १९३० च्या दशकापासून याच पायावर उभी होती : बँका, रेल्वे, कापडगिरण्या, कंपन्या. आपल्याकडं वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांनी तेच केलं. तीसएक वर्षं खेळाडू पोसला त्या पद्धतीनं. तुझी लीग त्याला पंधरा दिवस पोसते.

भाची : ती पद्धत आता कुठं आहे, मामा? माझ्याकडं येणाऱ्या मुलींचे भाऊ कंत्राटावर आहेत. अकरा महिन्यांचा कागद. त्यांना सामन्यासाठी सुटी मागितली तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतात. तुम्हाला मिळालं ते चांगलंच होतं. ते परत आणता येत असेल तर मी तुमच्या मागं उभी आहे. पण तोवर पोरानं त्या वीस हजारांना नाही का म्हणायचं?

मामा यावर गप्प राहतात, आणि माझ्या मते त्यांनी गप्प राहावं हेच रास्त. व्यावसायिक क्रिकेट म्हणजे काय, याची व्याख्याच या दोन पिढ्यांत बदलली आहे. एकेकाळी खेळाडूला त्याची नोकरी सांभाळायची. आता ज्याला त्याला आपल्या लिलावाची वाट पाहायची आहे. मराठवाड्यात हा बदल अधिक बोचतो, कारण इथं पहिली व्यवस्था उशिरा आली आणि लवकर विरली.

मामा : बरं, दुसरं सांगतो. मोहालीची कसोटी आठवते तुला? तू लहान असशील. डिसेंबर २००१, इंग्लंडविरुद्ध. भारताकडून तिघांनी त्या सामन्यात पदार्पण केलं. त्यातले दोघं आपले. संजय बांगर, जन्म बीडचा. इक्बाल सिद्दिकी, आपल्या शहरात जन्मलेला. भारताला जिंकायला दुसऱ्या डावात पाच धावा हव्या होत्या, कर्णधारानं इक्बालला सलामीला पाठवलं आणि त्यानंच त्या पाचही धावा काढल्या. दहा गडी राखून जिंकलो. त्या दिवशी शहागंजात काय वातावरण होतं!

भाची : आणि पुढं? इक्बालची ती पहिली आणि शेवटची कसोटी.

मामा : हो.

भाची : बांगर रेल्वेकडून खेळून वर गेले. हेडिंग्लेला २००२ मध्ये ढगाळ हवेत ६८ धावा करून द्रविडबरोबर १७० ची भागी केली, ती मी नंतर यूट्यूबवर पाहिली. पैठणला जन्मलेले अंकित बावणे. २०१६ ला वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळेबरोबर ५९४ धावांची अभेद्य भागी, बावणेंच्या नाबाद २५८. रणजीतला तो विक्रम आठ वर्षं टिकला, २०२४ ला गोव्याच्या जोडीनं मोडला. जालन्याचा विजय झोल, १९ वर्षांखालच्या सामन्यात आसामविरुद्ध नाबाद ४५१, पुढं २०१४ च्या विश्वचषकात भारताचा कर्णधार. यातला एक तरी माणूस आपल्या घरच्या मैदानावर, आपल्या माणसांसमोर मोठा झालेला तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही मला म्हणता लीग गहुंज्याला झाली. मामा, आपलं सगळं क्रिकेटच बाहेरगावी झालंय.

ही यादी मला शहरातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लावावीशी वाटते. पण भाचीनं तिच्यातून काढलेला मुद्दा यादीपेक्षा मोठा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादनं १९३७-३८ मध्ये रणजी करंडक जिंकला तेव्हा आपलं शहर, त्या वेळचं औरंगाबाद, त्याच संस्थानातलं जिल्ह्याचं ठिकाण. महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला तेव्हाही आपण हैदराबादेतच. पुढं राज्य बदललं, क्रिकेटची राजधानी हैदराबादहून पुण्याला गेली. आपण दोन्ही वेळा टोकालाच राहिलो. पुण्यात डेक्कन जिमखाना १९०६ पासून आहे, पीवायसी आणि पूना क्लब आहेत. त्यांची स्वतःची मैदानं आहेत, सभासद आहेत, पावसाळा सोडला तर वर्षभराचं वेळापत्रक आहे. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या निमंत्रितांच्या साखळीत आपला जिल्हा या क्लबांशी खेळतो, तेव्हा एका बाजूला शंभर वर्षांचा क्लब असतो आणि दुसऱ्या बाजूला निवड चाचणीतून आठवड्यापूर्वी जमवलेले पंधरा खेळाडू.

मामा : म्हणून मी म्हणत आलो, विदर्भासारखी आपली वेगळी संघटना हवी होती. एकाच राज्यात मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा, बाकी सगळा महाराष्ट्र. नागपूरकरांनी आधी सिव्हिल लाइन्सचं मैदान सांभाळलं, मग जामठ्याला स्टेडियम उभं केलं, अकादमी काढली. वर्षानुवर्षं हरत राहिले. मग २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा रणजी जिंकली. संघ विकत घेऊन तीनदा रणजी जिंकता येत नाही.

भाची : चंद्रकांत पंडितांना मुंबईहून आणलं होतं त्यांनी. वासीम जाफरलाही.

मामा : आणलं. पण त्यांना उभं राहायला घर होतं. शिक्षक बाहेरून आणता येतो, शाळा आणता येत नाही.

भाची : वेगळ्या संघटनेचं तुम्ही सांगता ते आता होणारं नाही, आणि झालं तरी पहिली दहा वर्षं खुर्च्यांच्या भांडणात जातील. आठ जिल्ह्यांत मुख्यालय कुठं यावरूनच सुरुवात होईल. मला मैदानाबद्दल बोलायचंय. गरवारे स्टेडियम आहे, आमखास आहे, विभागीय क्रीडा संकुल आहे. यांपैकी कुठं मला चार दिवसांचा सामना घेता येईल अशी खेळपट्टी बारा महिने राखलेली मिळेल?

मामा : बारा महिने नाही मिळणार. टर्फला पाणी लागतं.

इथून पुढचा संवाद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मराठवाड्यात क्रिकेटचा प्रश्न शेवटी पाण्याशी येऊन थांबतो. एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला जात होती आणि मुंबई उच्च न्यायालयानं आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. मैदानांवर प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू, अशी तयारी तेव्हा क्रिकेट मंडळानं न्यायालयात दाखवली होती. मराठवाड्याच्या तहानेमुळं मुंबई-पुण्याची मैदानं रिकामी झाली. त्या वादात मी मनानं पूर्णपणे न्यायालयाच्या बाजूनं होतो, आजही आहे. पण तेव्हा मांडलेली ती सांडपाण्याची कल्पना नंतर आपल्या शहरात कुणी उचलली नाही.

भाची : जायकवाडी पन्नास किलोमीटरवर, आणि आपल्या कितीतरी वसाहतींत नळाला आठवड्यातून एकदा पाणी. अशा गावात मी मैदानाला पाणी मागायला गेले तर लोक मला दारात उभं करणार नाहीत. आणि बरोबरच आहे त्यांचं.

मामा : प्यायचं पाणी मागूच नकोस. कांचनवाडीला सांडपाण्याचं शुद्धीकरण होतं. त्यातलं टँकरनं आण. खेळपट्टीला पाणी लागतं ते रोलर फिरवायच्या आधीच्या दिवसांत, मोजून. गवत राखायला जास्त लागतं. पण सगळं मैदान हिरवं कशाला हवं? आधी बावीस यार्ड नीट कर. आपली काळी माती चिकट आहे, दाबली की घट्ट बसते, वाळली की भेगा पडतात. त्या मातीवर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फिरकीला काय हात मिळतो, ते शिकायला आपल्या पोरांना कुठं बाहेर जायला नको.

भाची : बीडचा सचिन धस अर्ध्या टर्फवर शिकला. पूर्ण खेळपट्टी नव्हतीच तिथं. आणि फेब्रुवारी २०२४ ला १९ वर्षांखालच्या विश्वचषकात, बेनोनीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपांत्य सामन्यात, २४५ चा पाठलाग करताना ३२ वर ४ बाद असताना, ९६ काढल्या त्यानं. उदय सहारनबरोबर १७१ ची भागी.

मामा : अर्ध्या टर्फवर एवढं करतो, पूर्ण मिळाली असती तर?

भाची : मी तर म्हणते, त्याला पाहणारे डोळे मिळाले म्हणून तो तिथं पोचला. बापानं आणि प्रशिक्षकानं त्याला सामन्यांसाठी बाहेर नेलं. ज्याचे वडील नेऊ शकत नाहीत, त्याच्यासाठी लीगचा संघ गावाचा हवा. संघाचे निवडकर्ते इथं येऊन चाचणी घेतील. संघ गेला तर तेही येणार नाहीत.

मामा : दोन वर्षांत आले किती वेळा?

भाची : जितक्या वेळा यायला हवे होते तितके नाहीत. म्हणून संघ नको म्हणायचं, की चाचण्या इथं घ्या म्हणायचं?

या ठिकाणी माझं मत मी सांगून टाकतो. शहराचा संघ गेला यात सगळ्यात मोठं नुकसान हंगामाचं नाही, त्या पंधरा दिवसांचं नाही. संघाच्या मालकाकडं शहरानं काही मागायची संधी होती आणि आपण ती दोन वर्षं वापरली नाही. आमच्या गावाचं नाव घेता तर वर्षातून दोन चाचण्या इथं घ्या, संघाचं सराव शिबिर इथं भरवा, तुमचे गोलंदाजी प्रशिक्षक आठवडाभर आमच्या पोरांना द्या, असं कुणी निवेदन दिलं नाही. माझ्यासह क्रीडा पानावर लिहिणारांनीही फक्त निकाल छापले. मामांचं म्हणणं खरं आहे की घरच्या मैदानाशिवाय संघ गावाचा होत नाही. पण घरचं मैदान मागण्यासाठी हातात काहीतरी असावं लागतं, आणि भाचीला ते दिसतं.

मामा : आता मग मागायचं काय? संघ तर नाही.

भाची : लिहू या. संघटनेला निवेदन. पहिली मागणी, पुढच्या वेळी फ्रँचायझी दिली तर ज्या शहराचं नाव, त्या शहरात किमान एक सामना. प्रकाशझोत नसले तर दुपारी खेळवा. दुपारी उन्हाचं होणार असेल तर सकाळी आठला.

मामा : जूनमध्ये नको. जूनमध्ये इथं एकतर धूळ नाहीतर चिखल. लीगचं वेळापत्रक बदलणार नाहीत, मग लीगच्या बाहेर मागू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, निमंत्रितांचे सामने. डेक्कन आणि पीवायसीला इथं यायला लाव. आपण वर्षानुवर्षं त्यांच्या दारात जातो.

भाची : लिहिलं. तीन दिवसांचे सामने, दोन फेऱ्या इथं.

मामा : आणि सामन्याआधी दोन महिने खेळपट्टी बंद ठेवायची. लग्न, सभा, प्रदर्शन, काही नाही. महानगरपालिकेला वेगळं पत्र. तेच जास्त अवघड आहे.

भाची : दुसरं, मुली. २०२५ ला महिलांची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. पुणे, रत्नागिरी, रायगड, सोलापूर. पुरुषांच्या यादीतून गेलेलं सोलापूर तिथं आहे, आपण तिथंही नाही. किरण नवगिरे सोलापूर जिल्ह्याची. तिला २०२२ ला नागालँडकडून खेळावं लागलं, तिथं तिनं एका टी-२० मध्ये नाबाद १६२ काढल्या, तेव्हा ती देशाला दिसली. माझ्याकडच्या मुलींना नागालँडला पाठवायची ऐपत कुणाची नाही.

मामा : मुलींचं पुढच्या निवेदनात घेऊ. एकदम सगळं मागितलं तर काहीच मिळत नाही. आधी पुरुषांचे सामने येऊ दे, खेळपट्टी तयार होऊ दे, मग...

भाची : नाही, मामा. मग म्हणजे कधीच नाही. त्याच निवेदनात, त्याच खेळपट्टीवर, त्याच नोव्हेंबरात. मुलांचा सामना शुक्रवारी संपला तर शनिवारी मुलींचा. रोलर एकदाच फिरवायचा आहे, पाणी एकदाच आणायचं आहे, खर्च वाढत नाही. हे कलम नसेल तर मी सही करणार नाही.

मामा : मग मुलींचं कलम वर घे, पहिलं. आणि पंच दोन्ही सामन्यांना तेच राहतील, तेही लिही.